शब्द कोचचा, पैसा समितीचा

पहाटे ५:१५

खजिनदारांचा मेसेज रात्री साडेबाराला येऊन पडला होता, तो आत्ता वाचला. "सर, दहाच्या वर जमत नाही. बाकीचं मीटिंगमध्ये बोलू." दहा म्हणजे दहा हजार. दिवाळीच्या आधी याच माणसाने माझ्यासमोर पंचवीस म्हटले होते, आणि त्या पंचवीसच्या भरवशावर मी पोरांच्या घरी जाऊन शब्द देऊन आलो होतो.

नांदेडातला आमचा क्लब लहान आहे. मुलं कॉलेजातली, काही गॅरेजवर, काही कापडाच्या दुकानात कामाला. मी शाळेत क्रीडाशिक्षक, क्लबचं कोचपण बिनपगारी. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि काही सदस्य अशी कार्यकारिणी. पुढच्या आठवड्यात विदर्भात निमंत्रितांची स्पर्धा आहे, चार दिवसांची. प्रवेश फी, सोळा जणांचं जाणं-येणं, जेवण हा खर्च वेगळा ठेवलेला. त्याच्यावरचे पंचवीस हजार संघातली भगदाडं बुजवायला होते. युरोपातले क्लब ज्याला ट्रान्सफर फंड म्हणतात, तो आमच्याकडे एवढाच.

आज शनिवार. सकाळची शाळा, दुपारी लातूर, रात्री साडेनऊला बैठक.

५:४५

थंडी कडक आहे, गोदावरीकडून येणारं धुकं अजून मैदानावरून हललेलं नाही. सोळापैकी अकरा जण आले. गॅरेजवाला पोरगा रात्री उशिरापर्यंत ट्रक उघडून बसला होता, तरी आला. त्याचे बूट तळाशी फाटलेत आणि तो ते सुतळीने बांधून खेळतो. त्याच्यासाठी बूट हासुद्धा माझ्या शब्दांपैकी एक.

गोलमध्ये आज डावा बॅक उभा केला. धाडसी आहे, पण गोली नाही. कोपऱ्यावरून उंच चेंडू आला की तो दोन पावलं पुढे येतो आणि थांबतो. गोलीचं सगळं काम त्या दोन पावलांत असतं. आलास तर पुरता ये, नाहीतर रेषेवर राहा. अधेमधे उभा राहिलेला गोली बचावफळीतल्या चौघांनाही अधेमधे उभं करतो. सकाळच्या सरावात आम्ही कॉर्नरवर इतके गोल खाल्ले की मी मोजणं सोडलं आणि सराव बदलून पासिंगवर आणला.

आमचा खरा गोली लातूरला आहे. अकरावीला नीटच्या क्लाससाठी गेला. नांदेडातही क्लास पुष्कळ आहेत, पण घरच्यांनी लातूर पॅटर्नच धरला. मराठवाड्यातल्या कुठल्याही खेळाच्या कोचला विचारा, त्याची सगळ्यात चांगली पोरं कुणी नेली. दुसऱ्या क्लबचं नाव तो घेणार नाही, लातूरच्या ट्यूशन एरियाचं घेईल. सोळाव्या-सतराव्या वर्षी, शरीर भरायला लागतं त्याच वेळी, पोरगा मैदान सोडून जातो. त्या बदलीची फी कुणी कुणाला देत नाही.

"सर," सराव संपल्यावर मधल्या फळीतला एक जण म्हणाला, "आपली विंडो कधी बंद होते?" इंग्लिश प्रीमियर लीगच्या जानेवारीतल्या खरेदीची चर्चा ही पोरं रोज करतात. कुठला खेळाडू किती कोटी पौंडांना गेला ते त्यांना तोंडपाठ असतं. मी म्हटलं, रात्री अकराला.

७:१५

शाळा. शनिवारचे तास लवकर उरकतात. कवायत झाल्यावर ऑफिसात बसून दहावीच्या मुलांच्या क्रीडा सवलत गुणांचे प्रस्ताव तपासले. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे जाणारं हे काम, एका प्रमाणपत्राची झेरॉक्स पुसट असली तरी परत येतं. मुख्याध्यापकांनी सही केली आणि विचारलं, "क्लबचं काय चाललंय?" बरं चाललंय म्हणालो.

११:२०

बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सचिव भेटले. चाळिशीतला माणूस, स्वतः जुना हाफ, माझ्याबरोबर खेळलेला. त्यांच्या मनात पोरांविषयी माया आहे, हे मी आधी सांगतो, कारण पुढे मी त्यांचं ऐकलं नाही.

अध्यक्षांचं म्हणणं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांना हैदराबादहून एक स्ट्रायकर आणायचा आहे. चार दिवसांचे बारा हजार, रेल्वेचं तिकीट आणि राहणं वेगळं. देणगीदाराला तसं सांगून झालंय. मी गोली मागितला होता, त्यांनी स्ट्रायकर शोधला. राफा बेनिटेझ व्हॅलेन्सियाला असताना म्हणाले होते की मला सोफा हवा होता आणि यांनी दिवा आणून दिला. त्याच बेनिटेझनी त्या क्लबला २००२ आणि २००४ साली स्पेनची लीग जिंकून दिली, २००४ ला यूएफा कपही दिला, आणि मग ते लिव्हरपूलला निघून गेले. जिंकत असलेला कोच का जातो याचं उत्तर पुष्कळदा असल्या एका वाक्यात असतं.

"तुम्ही एक करा," सचिव चहा ढवळत म्हणाले. "लातूरला जाऊन पोराला पक्कं करून या. गोली आला की कोण नाही म्हणतो? पैसे मग निघतात कुठून तरी."

हा मोह मोठा असतो. ब्रायन क्लफ यांनी हेच केलं. डर्बी काउंटीला त्यांनी दुसऱ्या विभागातून वर आणलं, १९७२ ला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी लेस्टरच्या डेव्हिड निशला सव्वादोन लाख पौंडांना घेतलं. ब्रिटनमधला तेव्हाचा तो विक्रमी आकडा होता, आणि संचालक मंडळाची परवानगी आधी घेतलेली नव्हती. खेळाडू उत्तम निघाला. पुढच्या वर्षी डर्बी युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोचली, युव्हेंटसशी हरली. पण चेअरमन सॅम लाँगसन आणि क्लफ यांच्यातला दुरावा वाढत गेला. त्याला इतरही कारणं होती, क्लफ यांचं टीव्हीवरचं आणि वर्तमानपत्रांतलं बोलणं त्यात होतंच. ऑक्टोबर १९७३ मध्ये क्लफ आणि त्यांचे सहकारी पीटर टेलर यांनी राजीनामा दिला. गावातले लोक रस्त्यावर उतरले, खेळाडू कोचच्या बाजूने उभे राहिले, तरी ते परत आले नाहीत.

सचिवांना मी हे सगळं सांगितलं नाही, बस लागली होती. एवढंच म्हणालो, "भाऊ, पैसे न विचारता पोरगा आणला तर आज गोली भेटल, पण पुढच्या वर्षी तुम्ही माझ्यावर आणि मी तुमच्यावर भरवसा ठेवणार नाही."

"तुमचं बी खरंय," ते म्हणाले. पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

११:५०

एसटी. खिडकीची जागा मिळाली. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, लातूर. दोन्ही बाजूंना तूर वाळायला आलेली, मधे हरभरा, आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. या वाटेवर विचार करायला भरपूर वेळ असतो, आणि आज डोक्यात हैदराबाद होतं, अध्यक्षांच्या त्या स्ट्रायकरमुळे.

नांदेडच्या फुटबॉलचं तोंड पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादकडे जास्त. ते साहजिक आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते, आणि आजही देवगिरी एक्स्प्रेस नांदेडहून सिकंदराबादेकडेच जाते. त्या शहराच्या सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम. भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक जिंकलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला, तोही रहीमसाहेबांच्याच हाताखाली. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात विशेष वाटते ती गोष्ट वेगळी. १९४३ पासून १९६३ मध्ये वारेपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिवही होते. संघ घडवणारा माणूसच कारभाराच्या टेबलावरही बसलेला होता. कोचला काय हवंय हे सचिवाला समजावून सांगायची गरजच नव्हती. असा माणूस शंभर वर्षांत एखादा होतो, त्यामुळे बाकीच्या आम्हा सगळ्यांना ते टेबल दोघांनी मिळून चालवावं लागतं.

त्याच शहरातल्या हैदराबाद एफसीचं जे झालं ते तर आमच्या डोळ्यांदेखत झालं. पुण्याच्या बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि इंडियन सुपर लीगमधली त्याची जागा हैदराबादने घेतली. पहिल्या हंगामात संघ शेवटचा आला. मग स्पॅनिश कोच मानोलो मार्केझ आले. त्यांनी नावाजलेली नावं गोळा करण्यापेक्षा तरुण भारतीय पोरांवर भर दिला, मोजके परदेशी खेळाडू नीट निवडले. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर अंतिम सामना झाला, समोर केरळा ब्लास्टर्स. हैदराबाद एका गोलने मागे होतं. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होराने लांबून हवेतल्या चेंडूवर थेट फटका मारून बरोबरी केली. पेनल्टीत लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले. तोही गोव्याचा. चषक हैदराबादला गेला. हा सामना मी आमच्या पोरांना मोबाईलवर पुन्हा पुन्हा दाखवतो. गोलीवर खर्च का करायचा याचं दुसरं उत्तर मला द्यावं लागत नाही.

पुढच्या वर्षीही संघ लीगमध्ये दुसरा आला. मग पैशांची बोंब सुरू झाली. २०२३-२४ च्या हंगामात पगार थकले. फिफाने नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी घातली. परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले, अनुभवी भारतीय खेळाडूही जानेवारीत दुसरीकडे गेले. मार्केझ आधीच एफसी गोवाला गेले होते. संघ राहिला थांगबोई सिंगटो यांच्या हातात. विकत घ्यायची बंदी, द्यायला पैसा नाही, आणि समोर मोहन बागान आणि मुंबई सिटीसारखे संघ. सिंगटो यांनी तरुण भारतीय पोरांना घेऊन हंगाम शेवटपर्यंत नेला. २२ सामन्यांत एक विजय. तो एक सामना जिंकल्यावर ती पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली होती, आणि मला त्या वर्षीचा सगळ्यात मोठा विजय तोच वाटतो. दोन वर्षांपूर्वी देशाचा विजेता असलेला क्लब तळाशी गेला. पुढे मालक बदलले आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला हलला, स्पोर्टिंग क्लब दिल्ली या नावाने. पुण्यातून गेलेली जागा हैदराबादहूनही गेली. आता आमच्या नांदेडच्या पोरांना जवळचा म्हणावा असा मोठा क्लब हैदराबादेत उरला नाही.

मला या सगळ्यात एक चित्र खुपतं. पगार थकला की खेळाडू आधी कोचच्या खोलीत जातो, मालकाच्या घरी जात नाही. सकाळी सरावाला सगळ्यांसमोर उभं राहायचं असतं ते कोचला. तिजोरीत काय आहे हे त्याला सगळ्यात शेवटी कळतं, आणि त्याचं उत्तर त्याला सगळ्यात आधी द्यावं लागतं.

अहमदपूरला बस थांबली. भजी घेतली आणि खजिनदारांना फोन लावला. उचलला नाही.

दुपारी ३:२०

लातूर. ट्यूशन एरियात शनिवारच्या दुपारीही रस्ता पाठीवर सॅक घेतलेल्या पोरा-पोरींनी भरलेला. भिंतींवर टॉपर मुलांचे फोटो, मेसचे फलक, अभ्यासिकांचे फलक. एवढ्या तरुण मुलांच्या वस्तीत चेंडू घेतलेलं एकही पोरगं दिसत नाही.

आमचा गोली वसतिगृहाच्या दारात उभा होता. उंची आणखी वाढली आहे, खांदे उतरलेत. त्याचे वडील लोहा तालुक्यातल्या गावाहून डबा घेऊन आले होते, म्हणून मी आजचाच दिवस धरला. पोरगा मोठ्यांच्या परवानगीशिवाय आणायचा नाही, हा माझा नियम. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बसलो. वडिलांनी आधी डब्यातली शेंगदाण्याची पोळी हातावर ठेवली, मग बोलले.

"सर, चार दिवस क्लास बुडल. रविवारी टेस्ट असती यांची."

"टेस्टच्या आधी शनिवारी रात्री इथं आणून सोडतो, मामा. फायनलला गेलो तरी."

"आन् याच्यानं मार्क भेटतेत का?"

नाही, म्हणालो. निमंत्रित स्पर्धेचे सवलतीचे गुण मिळत नाहीत, आणि नीटला तर खेळाचा काही उपयोग नाही. खोटी आशा लावून एक पोरगा एकदाच आणता येतो.

वडिलांनी मान हलवली. मग पोराकडे बघितलं. "तुला जायाचंय का?"

"पप्पा, मी रोज सकाळी पाचला उठून वसतिगृहाच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारतो," तो म्हणाला. एवढंच. त्याचे ग्लोव्हज बोटांवर फाटलेले होते, ते त्याने सॅकमधून काढून दाखवले नाहीत, मला ते माहीत होते.

मग पैशांचं. लातूरहून नांदेड, तिथून स्पर्धेला, परत लातूर, ग्लोव्हजची नवी जोडी. चार हजारांच्या आत बसणारा हिशेब. वडील म्हणाले, "आमचं सोयाबीन अजून घरात आहे, भाव नाही म्हणून विकलं नाही. पोराच्या खेळाला नाही म्हणत नाही मी. पण भाड्याचं तुमच्याकडून व्हावं. दिवाळीत तुम्ही तसं बोललात."

बोललो होतो. खिशात खजिनदारांचा मेसेज होता. "मामा, तेव्हा मला पंचवीस सांगितले होते. आता दहा म्हणतेत. रात्री बैठक आहे. जे ठरल ते आज रात्रीच कळवतो, रुपयासकट. नाही झालं तर नाही म्हणून कळवतो."

त्यांनी रागावून बोलावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला तो राग नांदेडला नेता आला असता. ते म्हणाले, "बघा काय होतंय ते."

५:१०

परतीची बस. गंजगोलाईच्या गर्दीतून रिक्षाने स्टँडवर यायला उशीर झाला, उभं राहून यावं लागलं चाकूरपर्यंत. मग झोप लागली.

रात्री ८:५०

नांदेड. घरी जाऊन हातपाय धुतले, दोन घास खाल्ले. बायको म्हणाली, शांतपणे बोला.

९:३०

बैठक खजिनदारांच्या हार्डवेअरच्या दुकानात, वरच्या माळ्यावर. दुकानं नऊला बंद होतात म्हणून आमच्या सगळ्या बैठका रात्रीच्या. पेंटच्या डब्यांमध्ये सतरंजी टाकलेली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, तीन सदस्य, आणि मी.

अध्यक्षांनी सुरुवात केली. त्यांचं म्हणणं पूर्ण सांगायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. देणगी देणारा माणूस बांधकाम साहित्याचा व्यापारी आहे. त्याला गोलीचा झेप घेतलेला फोटो नको असतो, गोल मारणाऱ्याचा हवा असतो. हैदराबादचा खेळाडू येतोय म्हटल्यावर त्याने हात सैल सोडला. तो खेळाडू आला नाही तर पुढच्या वर्षी तो दार उघडणार नाही, आणि दार उघडलं नाही तर पुढच्या वर्षी स्पर्धाच नाही. "तुम्ही मैदान बघता सर, मला घरोघरी जावं लागतं," ते म्हणाले. हे खरं आहे. मागणी करायला दुसऱ्याच्या दारात उभं राहणं हे मला जमणारं काम नाही, आणि ते वर्षानुवर्षं हेच करत आलेत.

मी म्हटलं, "अध्यक्षसाहेब, स्ट्रायकर दोन गोल मारल. कॉर्नरवर आपण तीन खाऊ. आणि बाहेरच्याला चार दिवसांचे बारा हजार द्यायचे, आपल्याच पोराच्या एसटीचे पैसे नाहीत, हे त्या पोराच्या बापाला मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"आपला पोरगा आहे, त्याला पैसे कशाला?" एक सदस्य म्हणाले.

इथे मी आवाज चढवला. क्लबवर प्रेम करणाऱ्या माणसांच्या तोंडी हे वाक्य नेहमी येतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घरची पोरं याच वाक्याने तुटतात. आपला म्हणून त्याला फुकट, बाहेरचा म्हणून त्याला रोख. मग तो आपला पोरगा एक दिवस दुसरीकडे बाहेरचा म्हणून जातो, तिथे त्याला रोख मिळते.

खजिनदार इतका वेळ गप्प होते. त्यांनी गल्ल्याखालून वही काढली आणि सतरंजीवर उघडून ठेवली. दिवाळीत कबूल झाले होते साठ हजार. आले अठरा. प्रवेश फी गेली, नेट नव्या घेतल्या, मैदान आखायचा चुना, दोन सामन्यांच्या पंचांचं मानधन. जमा अठरा, खर्च साडेचोवीस. फरक त्यांनी दुकानाच्या गल्ल्यातून घातला होता. आता जे दहा म्हणत होते तेही त्यांच्याच खिशातले.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"दीड महिना झाला."

"मला का नाही सांगितलं?"

"पोरांचं मन मोडल म्हणून. म्हटलं येतील बाकीचे. तुम्ही इतक्या उमेदीनं पळत होता."

त्या माणसाने घरचा पैसा घातला होता आणि कुणाला बोलला नव्हता. त्याच्याबद्दल मला राग धरता येईना. तरी मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते बोललो. "शेठ, पैसा कमी आहे म्हणून कोणता कोच रडत नाही. खालिद जमील सात वर्षं मुंबई एफसीला होते. २०१६ ला तिथून त्यांना जावं लागलं. ते आयझॉलला गेले. तो क्लब तर आय-लीगमधून खाली गेलेला, गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेला. पैसा बेताचा, ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत. मुंबईतून कुणाला नको असलेले जयेश राणेसारखे पोरं सोबत नेले आणि एप्रिल २०१७ मध्ये लीग जिंकली. त्याच वर्षी मुंबई एफसी तळाशी गेली. आज खालिद भारताचे कोच आहेत. पैसा कमी आहे हे माहीत असलं की कोच वेगळा संघ बांधतो. पैसा आहे म्हणून सांगितलं आणि तो नसला, की कोच खोटा पडतो. दीड महिन्यापूर्वी ही वही मला दाखवली असती तर मी तीन घरी गेलो नसतो, एकाच घरी गेलो असतो."

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. खाली रस्त्यावरून एक वरात गेली, तिच्या बँडमुळे तसंही काही ऐकू आलं नसतं.

मग हिशेबाला बसलो. हैदराबादचा स्ट्रायकर नाही. गोलीचे तीन हजार नऊशे, ग्लोव्हजसकट. गॅरेजवाल्या पोराचे बूट, पंधराशे. जर्सी गेल्या वर्षीचीच. बर्फ, क्रेप बँडेज, दुखापतीचं काही निघालं तर डॉक्टर, यासाठी दोन हजार बाजूला. तिसऱ्या घरी मी जो शब्द दिला होता, एका बचावपटूच्या कॉलेज फीचा काही भाग भरण्याचा, तो आत्ता होणार नाही. ते मी स्वतः जाऊन सांगणार. उरलेले खजिनदारांनी त्यांच्या गल्ल्यात परत ठेवायचे, असं मी सुचवलं. ते नको म्हणाले. सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं, की यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही कोचसमोर उघडायची, आणि त्या वहीत नसलेल्या पैशांचा शब्द कोचने कुणाला द्यायचा नाही. दुसरं वाक्य घालायला मीच सांगितलं.

अध्यक्षांनी सही केली, पण काही न बोलता केली. चप्पल घालून ते सगळ्यांच्या आधी खाली उतरले.

११:०५

दुकानाच्या शटरसमोर उभं राहून लातूरला फोन केला. वडील पोराच्या खोलीवरच मुक्कामाला होते, जागे होते. रुपये सांगितले, कुठून किती वाजताची बस ते सांगितलं, शनिवारी रात्री परत आणून सोडायचं पुन्हा कबूल केलं. "लिहून पाठवा," ते म्हणाले. "मला वाचता येतंय." लिहून पाठवलं.

११:४०

घरी पोचलो तर अध्यक्षांचा फोन.

"सर, झोपले का?"

"नाही."

"त्या व्यापाऱ्याला उद्या सांगावं लागंल, हैदराबादवाला येत नाही म्हणून. मी एकटा नाही जाणार. तुम्ही चला माझ्यासंगं. गोलीचं काय ते तुम्हीच समजावून सांगा त्याला."

"येतो. किती वाजता?"

"दहाला. आन् तो कट्टीमणीचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवा."